रिकाम्या कडव्याच्या टाळ्या

कुणाच्या तरी शेतात हळद शिजायला लागली. सकाळी दार उघडायच्या आधीच वास घरात येऊन बसला होता. ज्यांनी हा वास घेतला नाही त्यांना तो कसा सांगावा? थोडा भिजल्या मातीचा, थोडा उकडल्या कंदाचा, आणि त्याच्या आत काहीतरी कडवट, औषधाच्या बाटलीसारखं. आमच्या कुरुंद्याच्या बाजूला थंडी सरत आली की हा वास गावावर बसतो आणि उन्हं तापेपर्यंत उठत नाही. वाळत घातलेल्या लुगड्याला येतो, तापवलेल्या दुधाला येतो. सून म्हणते, "आत्या, खिडकी लावा ना, माझं डोकं धरलंय." मी लावत नाही. डोकं माझंही धरतं, पण खिडकी नाही लावत.

यंदा वास आला आणि मी सवयीनं शेजारच्या खोलीकडं बघितलं. तिथं अक्काची बाज भिंतीला उभी करून ठेवलेली आहे. उभी बाज बघवत नाही मला. आडवी करायला सांगितली तर पोरं म्हणतात, जागा अडती. बरोबर आहे त्यांचं. अडते.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, गयाबाई. गेल्या श्रावणात गेली. आजूबाजूच्या गावांत तिला गाणं करणारी गया म्हणून ओळखत. गाणं म्हणणारी नाही हं, करणारी. म्हणणाऱ्या पुष्कळ असतात. अक्काला शाळा माहीत नव्हती, पेटी कधी हातात धरली नाही, तरी चाल आणि शब्द तिला एकदमच सुचत, दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच तिला ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं, "अक्का, आधी चाल येती का आधी बोल?" तर म्हणाली, "लेकरू जल्मतं तवा आधी हात येत्यात का आधी रडू? काय बी इचारती शांते."

मी लग्न होऊन आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावाहून इकडं आले तेव्हा आमच्याकडं हळद थोडीच असायची, विहिरीच्या पाण्यापुरती. आजच्यासारखे ट्रॅक्टरला जोडलेले कुकर नव्हते, बटन दाबलं की वाफ सोडणारे. शेताच्या कडेला खड्डा खणून त्यावर भली मोठी लोखंडी कढई ठेवायची, खाली कापसाच्या पऱ्हाट्या आणि लाकडं जाळायची, वरून हळदीचाच पाला आणि गोणपाट झाकायचं. मग वाफेची वाट बघायची. वाट बघणं हे त्या हंगामातलं सगळ्यात मोठं काम. पाठ मोडेस्तोवर गड्ड्यापासून हळकुंडं मोडून झालेली असायची, नखं पिवळी, टाचांच्या भेगा पिवळ्या, आणि आम्ही पाच जणी कढईपासून जरा लांब, धुराच्या उलट्या अंगाला बसून राहायचो. दोघी जावा आम्ही. शेजारची कौशी. आमच्या पलीकडच्या शेतातली रुक्मिण. आणि तांड्यावरून कामाला येणारी सुंद्रा, जी पहिल्या वर्षी कामाला आली आणि दुसऱ्या वर्षापासून न बोलावता यायला लागली.

त्या वाट बघण्यात अक्कानं ते लांब गाणं केलं. हळदीचंच गाणं. हळद म्हणजे एक पोरगी आहे आणि मातीपासून बाजारापर्यंत तिचं काय काय होतं, असं. पाच कडव्यांचं. आणि करून झालं तसं तिनं ते वाटून टाकलं.

म्हणजे खरोखरच वाटलं, मूठमूठ चिवडा वाटावा तसं. पहिलं कडवं तिनं स्वतःकडं ठेवलं. पाला कापायचं दुसरं कडवं कौशीला दिलं. खणून काढायचं तिसरं मला. शिजायचं चौथं रुक्मिणीला, जिला आम्ही कुणी कधी रडताना बघितलं नव्हतं. पोत्यात भरून परगावी जायचं शेवटचं सुंद्राला. "हे तुझं," एवढंच म्हणायची. मग ते कडवं दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही. अगदी अक्कानंसुद्धा नाही. दिलं म्हणजे दिलं.

मी चार बुकं शिकलेली, तेव्हा मला मोठा शहाणपणा. म्हटलं, "अक्का, मी सगळं लिहून ठेवते ना. विसरलं तर?"

"लिहून ठिवलं तर बाया कशाला येतील?" ती म्हणाली. "आत्ता कसं हाय, सुंद्रा न्हाई आली तर गानं शेवटाला जात न्हाई. म्हनून ती येती. कागुद असल्यावर मला तिचं काय काम?"

माझे दीर, म्हणजे अक्काचे मालक, कढईखाली लाकूड सारता सारता टोमणा मारायचे, "गान्यानं हळद शिजत न्हाई."

"शिजत न्हाई," अक्का म्हणायची, "पर बाया टिकत्यात. तुमाला एकट्याला शिजवायची आसंल तर आमी उठतो."

दीर लाकडं सारायचे. सुंद्रा पदर तोंडात धरून हसायची.

आता रिकाम्या कडव्याचं सांगते. एका हंगामात रुक्मिण बाळंतपणाला माहेरी गेली होती. गाणं चौथ्या कडव्याला आलं आणि कौशीनं नेहमीसारखं तोंड उघडलं, ती कशालाही पुढं. अक्कानं तिच्या तोंडावर हात ठेवला, पिवळाधम्मक. "तिचं हाय ते. रिकामं जाऊ दे." आणि आम्ही चौघींनी ते आख्खं कडवं नुसत्या टाळ्यांवर नेलं. शब्द नाहीत, फक्त टाळ्या, जेवढ्या त्या कडव्याला लागतात तेवढ्याच. मग सुंद्रानं तिचं शेवटचं म्हटलं. संपल्यावर कौशी, तोंडाला हळद लागलेली, नाटकातल्यासारखा आवाज काढून म्हणाली, "चौथ्या कडव्याची बाई कुठं गेली गं?"

अक्का म्हणाली, "माहेरी गेली."

"कवा येती?"

"हळद वाळंस्तोवर येती."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. कुणी ना कुणी नसायचंच. कुणी आजारी, कुणाच्या घरी पाहुणे. मी माहेरी गेले की माझं तिसरं रिकामं जायचं, आणि परत आल्यावर सुंद्रा सांगायची, "तुमच्या टाळ्या लई ग्वाड वाजल्या, तुमच्यापरीस बऱ्या." प्रत्येक वेळी शेवटी कौशी विचारायची आणि कुणीतरी सांगायचं, माहेरी गेली. मला तेव्हा वाटायचं हा खेळ आहे.

अक्काची गाणी गावाबाहेर गेली ती लग्नांमुळं. आखाडा बाळापूरपासून जीप यायची तिला न्यायला. ती जीपमध्ये बसायची आणि न्यायला आलेल्या माणसाला विचारत राहायची. नवरीचं नाव काय? आईचं? दारात झाड कसलं हाय? घरात कुणी नुकतंच गेलं का? गाव येईपर्यंत गाणं तयार. त्या नवरीचं म्हणून केलेलं गाणं ती दुसऱ्या लग्नात कधी लावायची नाही. लोक म्हणायचे, तेच म्हणा की, गेल्या वर्षीचं, लई चांगलं होतं. अक्का म्हणायची, "ते तिच्यासंगं सासरी गेलं." कितीतरी गाणी अशी सासरी गेली. त्यातली काही नांदत असतील. पुष्कळ तर आता त्या पोरींनाही आठवत नसतील.

एकदा रेडिओवाल्यांचं बोलावणं आलं. घरात केवढी धांदल! दिरांनी नवीन धोतर काढलं, जसं काही रेडिओत ते दिसणारच होते. मी सोबतीला गेले. काचेच्या खोलीत अक्काला बसवलं, मी काचेबाहेर त्या साहेबांच्या शेजारी. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "मावशी, तुमचं ते हळदीचं मोठं गाणं म्हणा. सगळं म्हणा, घाई नाही."

अक्कानं पहिलं कडवं म्हटलं. असं म्हटलं की साहेब वही बाजूला ठेवून नुसता ऐकत राहिला. मग ती थांबली आणि टाळ्या वाजवायला लागली. नुसत्या टाळ्या. साहेबानं यंत्राची बटनं बघितली, कानावरचं नीट केलं, मग आत बोलला, "मावशी, आवाज येत नाहीये. पुढचं म्हणा."

"येईल कसा? ते कौशीचं हाय," अक्का आतून म्हणाली आणि टाळ्या चालूच.

"मग ते तुम्हीच म्हणून टाका ना."

"आन् कौशीनं काय करावं?"

साहेब माझ्याकडं वळला. मी मनातल्या मनात माझ्या तिसऱ्याची वाट बघत होते. माझ्या टाळ्या आल्या तेव्हा अक्कानं काचेतून माझ्याकडं बघितलं. मी बाहेर बसून ओठ हलवले. काचेपलीकडं काही गेलं नसणार. तिनं पाचही कडवी नेली, चार रिकामी, आणि शेवटी उठून उभी राहिली. "झालं," म्हणाली.

रेडिओवर लागलं तेव्हा आम्ही सगळ्या आमच्या ओसरीवर जमलो होतो. पहिलं कडवं आलं आणि लगेच दुसरा कार्यक्रम सुरू झाला. टाळ्या कापल्या होत्या. त्यांचंही बरोबरच, रेडिओवर नुसत्या टाळ्या कोण ऐकणार? दीर म्हणाले, "झकास आलं!" कौशी, रुक्मिण हसत होत्या. अक्का मात्र उठून आत गेली. चुलीपाशी मला म्हणाली, "शांते, मला ठिवलं आन् माझ्या बाया काढून टाकल्या." पुन्हा बोलावणं आलं तर ती गेली नाही.

मग कौशी गेली. काविळीनं गेली, आणि आम्ही मोडत होतो ती हळद, तिच्याकडं बघवेना. त्या हंगामात आम्ही चौघी कढईपाशी बसलो. दुसरं कडवं टाळ्यांवर नेलं. गाणं संपलं आणि सगळ्या गप्प. कारण विचारायचं काम कौशीचं होतं. दुसऱ्या कडव्याची बाई कुठं गेली, हे कौशीबद्दल कौशीनंच विचारायचं राहिलं. त्यानंतर तो प्रश्न कुणी विचारला नाही. पुढं पुढं गाणंही कमी झालं. कढया जाऊन कुकर आले, वाट बघायचं कामच राहिलं नाही. लग्नात डीजे आला. रुक्मिण नातवंडं सांभाळायला पोराकडं पुण्याला गेली. सुंद्राचे गुडघे धरले.

आणि अक्काचं विसरणं सुरू झालं.

आधी भाजीत मीठ दोनदा. मग देवळातून येताना घर चुकली आणि दुसऱ्याच ओसरीवर जाऊन पाणी मागितलं. मग एक दिवस मी तिची वेणी घालत होते, तर अगदी अदबीनं मला म्हणाली, "बाई, तुमी कोन्या गावच्या?" आयुष्यभर मला शांते शांते म्हणणारी. मी म्हटलं, "गोरेगावची." म्हणाली, "लांबून आल्या की. च्या घेऊन जा बरं का." तिच्या मागं बसले होते म्हणून बरं, तोंड दिसत नव्हतं तिला माझं.

गाणी तर आधीच गेली होती. एकदा शेजारी लग्नाचा मांडव पडला होता आणि कुणातरी म्हातारीनं अक्काचंच एक गाणं उचललं. बहुतेक ती स्वतःच कधीकाळी त्या गाण्याची नवरी असावी. अक्का बाजेवर बसून ऐकत होती, मान डोलवत होती.

"चांगलं हाय गानं," म्हणाली. "कुनी केलं?"

"तुमीच की अक्का."

तिचा चेहरा कडक झाला. "म्हाताऱ्या मानसाची मस्करी करू न्हाई बाई. दुसऱ्याचं आपलं म्हनू न्हाई." दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिला वाटलं मी तिला चोरी शिकवतेय.

ते मला फार लागलं. ती मला विसरली ते मी गिळलं होतं. पण एवढी गाणी ज्या बाईनं केली तिनं रित्या हातानं जावं? आपण या जगात काय केलं हे तिला एकदा तरी कळावं, मग जाऊ दे, असं माझ्या मनानं घेतलं. आणि माझ्याकडं त्यासाठी एकच गोष्ट होती. ते लांब गाणं.

म्हणून गेल्या वर्षीच्या हंगामात मी सगळ्यांना गोळा केलं. सगळ्यांना म्हणजे कुणाला? सुंद्राला निरोप धाडला, ती नातवाच्या फटफटीवर मागं बसून, गुडघ्यांना शिव्या देत आली. रुक्मिणीला फोन लावला. ती म्हणाली, "मला येता येत न्हाई गं, लेकराच्या परीक्षा हायेत. पर फोनवरून म्हनीन. तेवढं बराबर धरा." पुतण्या बालाजी, अक्काचा पोरगा, तोही म्हणाला, "काकू, करा काय करायचं ते. तिला बरं वाटलं तर वाटलं." दुपारच्या उन्हात अक्काला शेतात आणलं, कुकर चालू होता तिथं, ताडपत्रीवर वाफाळती हळद पसरत होते त्याच्या कडेला. तिला तो वास यावा म्हणून.

मशीनचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येईना. मी मशीनवाल्याला म्हटलं, "भाऊ, जरा बंद कर रे घडीभर." तो म्हणाला, "काकू, पुढच्या शेतात नंबर हाय." पण केलं बंद. एकदम शांत झालं. नुसती वाफ फुसफुसत होती.

सुंद्रानं टाळी सुरू केली. मी धरली. फोन ताडपत्रीवर ठेवलेला, त्यातून रुक्मिण ओरडून राहिली, "हॅलो, आवाज येऊन राहिला का?"

"येऊन राहिला! गप बस, तुझं चौथं हाय!"

पहिलं कडवं अक्काचं. आम्ही टाळ्या वाजवत तिच्याकडं बघत होतो. ती हळदीकडं बघत होती. सून माझ्या कानाशी आली, "आत्या, तुम्हीच म्हणून टाका ना पहिलं. त्यांना आठवेल तरी." मला ते कडवं येत नव्हतं असं थोडंच? रात्रंदिवस ऐकलेलं. मी तोंड उघडलंही. पण माझ्या तोंडावर तो पिवळा हात आहे असं वाटलं आणि शब्द बाहेर पडला नाही. पहिलं रिकामं गेलं. दुसरं कौशीचं, तेही रिकामं गेलं. असं गाणं कधी सुरू झालं नव्हतं, नुसत्या टाळ्यांनी. मग माझं तिसरं आलं.

*कुदळीच्या घावासंगं आली उजेडात बाई,*
*डोळं दिपलं दिपलं, आई वळखू येत न्हाई.*

नवी नवरी होते मी, आईसाठी रडायची, म्हणून अक्कानं मला हे दिलं होतं. एवढी वर्षं म्हटलं. त्या दिवशी शेवटची ओळ कशीबशी निघाली.

मग फोनमधून रुक्मिण. तिच्या कडव्यात हळदीचं रडू कढईतल्या पाण्यात मिसळतं आणि बाया त्याला वाफ म्हणतात. शब्द तुटत तुटत येत होते, मागं पुण्यातल्या गाड्यांचे भोंगे. आणि शेवटी सुंद्रा. परवा, हे लिहायला बसताना, तिला फोन करून विचारलं, तुझं कडवं लिहू का? म्हणाली, "लिवा की, माझ्यामागं कुनाला येतंय ते." तिला देताना अक्कानं आईसाठी तांड्यावरचाच शब्द घातला होता, याडी.

*पोत्यामंदी बसूनशानी निघाले मी परगावा,*
*याडी, तुझ्या हाताला गं रंग माझा राहू द्यावा.*

अक्काचं आणि कौशीचं मी इथं लिहिलेलं नाही. त्यांना विचारता येत नाही.

गाणं संपलं. अक्का तशीच बसलेली. तिच्या मांडीवर तिचे हात होते, आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं की टाळ्या आमच्या थांबल्या तरी तिची बोटं मांडीवर पडतच होती, हलकी हलकी, ठेक्यात. ती केव्हापासून वाजवत होती, मी बघितलंच नव्हतं. मी तिच्यापुढं बसले. म्हटलं, आता विचारते. अक्का, हे गाणं कुणाचं? ओठांवर आलं होतं.

त्याआधी तीच बोलली. कपाळाला आठी घालून, जरा रागानंच, सगळ्यांकडं बघत.

"पहिल्या कडव्याची बाई कुठं गेली गं?"

सुंद्रानं पदर तोंडात धरला. ती हसत नव्हती. फोनमधून रुक्मिण विचारत होती, काय झालं, काय म्हनली ती? मग एवढ्या वर्षांचं उत्तर आपोआप आलं.

"माहेरी गेली, अक्का."

"कवा येती?"

"हळद वाळंस्तोवर येती."

"मंग तिच्याबिगर काहून सुरू केलं?" अक्का म्हणाली. "तिला येऊ द्या की. बसा."

आम्ही बसलो. ऊन कलायला लागलं होतं. ताडपत्रीवरच्या हळदीची वाफ विरत चालली होती. मशीनवाला हात पुसत जवळ आला, म्हणाला, "काकू, झालं ना? चालू करू का?"

मी म्हटलं, "थांब जरा, भाऊ. एक बाई यायची हाय."